अर्थ लावणे आणि अर्थ लागणे : गीताच्या श्रोत्याची जबाबदारी

१

धुळे-सोलापूर महामार्गाने पाचोड मागे टाकून गोदावरीकाठच्या शहागडाकडे जाताना वडीगोद्री लागते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील या गावी जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता महामार्गाला मिळतो. अशा फाट्यावर ऐकू येणारे गाणे सहसा सबंध नसते. थांबलेल्या वाहनातून दोन ओळी कानी पडतात, वाहन निघून जाते आणि उरलेले गाणे त्याच्याबरोबर बीडच्या दिशेने जाते. ऐकणाऱ्यापाशी राहतो तो केवळ मुखडा. कवी कोण, चाल कोणाची, पुढची कडवी काय सांगतात, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. तरीही कधीकधी त्या दोन ओळी त्याच्या आयुष्यातील एखाद्या प्रसंगाला अशा काही जाऊन भिडतात, की त्या वर्षानुवर्षे त्याच्या सोबतीला राहतात. त्याला विचारले तर तो सांगेल, हे गाणे माझे आहे.

‘हे गाणे माझे आहे’ या विधानाकडे समीक्षेने आजवर फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. भाबड्या रसिकाचा उद्गार म्हणून ते सोडून दिले जाते. परंतु अर्थनिर्णयनाचे जे प्रश्न विद्वत्तेच्या पातळीवर चर्चिले जातात, ते सगळे या साध्या विधानात बीजरूपाने आहेत. गाणे त्याचे असेल तर त्याने लावलेला अर्थ चुकीचा कसा असू शकेल? आणि तो चुकीचा असू शकत नसेल, तर त्याने काहीतरी ऐकले असे तरी कसे म्हणावे? ज्याच्याकडून कधीच चूक होऊ शकत नाही, त्याला ऐकण्याची गरजच उरत नाही. हा प्रश्न वरवर ज्ञानमीमांसेचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या शब्दांवर आपला हक्क कुठवर चालतो, आणि त्या हक्काबरोबर कोणते देणे येते?

२

मराठी भाषेने या प्रश्नातील एक भेद आपल्या क्रियापदांत जपून ठेवला आहे. मराठीत अर्थ ‘लागतो’ आणि अर्थ ‘लावला’ जातो. ठेच लागते, तहान लागते, ऊन लागते, डोळा लागतो. या सर्व प्रयोगांत माणसाच्या इच्छेला स्थान नाही. जे घडते ते त्याच्यावर घडते. याउलट लावणे ही हेतुपूर्वक केलेली कृती आहे. मात्र या कृतीचेही स्वरूप एकच नाही. रोप लावले जाते, दिवा लावला जातो, आणि दारही लावले जाते. पहिल्या कृतीत वाढीची शक्यता आहे, दुसरीत दिसण्याची, तिसरीत मात्र आत-बाहेर करण्याची वाटच बंद होते. अर्थ लावणारा श्रोता या तिहींपैकी कोणते लावणे लावतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्याच्या कृतीचे मूल्यमापन करता येणार नाही.

अर्थ बंद करावा लागतो अशी क्षेत्रे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. वडीगोद्री आणि शेजारची अंतरवाली सराटी या परिसराने २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ या एका शब्दावरून राज्यभर झालेला वाद अगदी जवळून पाहिला. त्या वर्षीच्या जानेवारीत निघालेल्या शासकीय अधिसूचनेच्या मसुद्यातील या शब्दाची व्याप्ती किती, यावर दोन समाजांच्या आशा आणि भये टांगलेली होती, आणि जूनमध्ये वडीगोद्रीतच ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. कायद्याच्या संहितेत शब्दाला एक मर्यादा घालावीच लागते. तेथे अनेकार्थता हा गुण नसून दोष ठरतो. पण तोच ‘सोयरे’ हा शब्द तुकोबांच्या अभंगात झाडांना आणि वेलींना लावला जातो, तेव्हा त्याची व्याप्ती विचारणारा माणूस अरसिक ठरतो. शब्द एकच, त्याला प्रश्न विचारण्याची रीत मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारची. गाण्याचा अर्थ लावणारा पुष्कळदा नकळत कायद्याचीच रीत गाण्याला लावतो. ‘ही नेमकी कोण?’, ‘हे नेमके कधी घडले?’ असे तो विचारतो, आणि उत्तर मिळाले की खटला निकालात निघाल्याचे समाधान त्याला लाभते.

३

हा मोह सर्व प्रकारच्या गीतांच्या बाबतीत सारखाच असत नाही. ज्या गीतातील ‘मी’ खाजगी वाटतो, तेथे तो अधिक प्रबळ होतो. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, लहान स्वतंत्र कंपन्यांच्या आधाराने, ‘इंडी पॉप’ या नावाने ओळखली जाणारी गीतधारा वाढली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली ‘सी-८६’ ही ध्वनिफीत तिची एक खूण मानली जाते. मुद्दाम फारसा न घासलेला आवाज, रोजनिशीतून किंवा पत्रातून उचलल्यासारखे शब्द आणि संकोची ‘मी’ ही तिची लक्षणे. या गीतांचा चाहता श्रोता असे मानतो की गाणे सभागृहासाठी नसून एकट्या त्याच्यासाठी म्हटले गेले आहे. म्हणूनच त्याला शब्दाशब्दाचा उलगडा हवा असतो. मित्राच्या पत्रातील एखादे वाक्य कळले नाही तर माणूस जसा अस्वस्थ होतो, तशी ही अस्वस्थता आहे.

मराठीत याचे नाते भावगीताशी जुळते. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित झाली, आणि मराठी भावगीताचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानला जातो. ग्रामोफोन आणि पुढे आकाशवाणी यांमुळे एका माणसाचा एकान्त हजारो घरांत एकाच वेळी पोहोचला. हा ‘मी’ कीर्तनातल्यासारखा समुदायाचा प्रतिनिधी नव्हता आणि नाटकातल्यासारखा पात्राचाही नव्हता. तो कोणाचा आहे, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच इतक्या तीव्रतेने उभा राहिला.

जात्यावरच्या ओवीशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवी गाणारी बाई पूर्वी कोणीतरी रचलेल्या शब्दांत आपल्या भावाचे, आपल्या लेकाचे, आपल्या गावाचे नाव घालते, आणि ओवी तिची होते. पुढची बाई ते नाव काढून दुसरे घालते. मूळ कर्ती कोण आणि तिचा भाऊ कोण, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. ओवीतील ‘मी’ म्हणजे जणू पाणवठा आहे. तो कोणा एकीचा नाही म्हणून प्रत्येकीचा आहे. भावगीताने हा पाणवठा घराच्या आत आणला, तेव्हा विहीर कोणाच्या मालकीची, हा वाद त्याच्याबरोबर आला.

४

या वादाचे एक बोलके उदाहरण म्हणून नागपूरचे कवी ग्रेस, म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे (१९३७-२०१२), यांच्या ‘ती गेली तेव्हा’ या गीताकडे पाहता येईल. ‘निवडुंग’ (१९८९) या चित्रपटातून हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि आवाजात ते घरोघरी गेले. ज्या कवीवर दुर्बोधतेचा आक्षेप सातत्याने घेतला गेला, त्याच कवीचे शब्द असंख्य श्रोत्यांना आपलेसे वाटावेत, ही घटना मुळातच विचार करण्यासारखी आहे.

या गीताचे तीन श्रोते कल्पावेत. पहिला श्रोता फाट्यावरचा. त्याच्या कानी मुखडा पडला आहे. जाणारी ‘ती’ म्हणजे त्याच्या मते प्रेयसी किंवा पत्नी, कारण त्याच्या आयुष्यातून गेलेली तीच आहे. दुसरा श्रोता सबंध कविता ऐकतो. पुढे त्यात ‘आई’ हा शब्द येतो, बालपण संपल्याची जाणीव येते, आणि आरंभीचा पाऊस वेगळाच होऊन जातो. तिसरा श्रोता याही पुढे जातो. कवीच्या आयुष्यातील घटना त्याने कोठेतरी वाचलेल्या किंवा ऐकलेल्या असतात. गीतातील आई म्हणजे कोण, ती केव्हा आणि का गेली, हे सारे तो सांगू लागतो. जाणकार चाहता म्हणून मैफिलीत त्याला मान मिळतो आणि पहिल्या श्रोत्याला तो काहीशा करुणेने दुरुस्त करतो.

दुसरा आणि तिसरा श्रोता हे एकाच वाटेवरचे पुढचे-मागचे प्रवासी आहेत असा समज सर्वत्र दिसतो. तो बरोबर नाही. दुसरा श्रोता संहितेतील शब्द ऐकतो. तिसरा संहितेबाहेरची माहिती संहितेवर ठेवतो. दुसऱ्याला जे ऐकू आले ते ऐकणे हे श्रोत्याचे कर्तव्यच आहे. गीतात ‘आई’ हा शब्द असताना तो न ऐकता केवळ स्वतःचे दुःख ऐकत राहणे, हा बोलणाऱ्याचा अनादर आहे. परंतु तिसऱ्याने जे सांगितले ते गीताने सांगितलेलेच नाही.

येथे पुन्हा मराठी भाषाच साक्षीला येते. मराठीत ‘ती गेली’ याचे दोन अर्थ होतात : ती निघून गेली आणि ती वारली. कवितेने या दोहोंतून एक निवडून श्रोत्याच्या हाती ठेवलेला नाही. आई मरण पावणे आणि आई सोडून जाणे या दोन गोष्टी जगाच्या दृष्टीने अगदी भिन्न असल्या, तरी दारात उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने त्या क्षणी त्यांत अंतर नसते. त्याच्यासाठी ती ‘गेली’ एवढेच खरे असते. ही संदिग्धता म्हणजे अभिव्यक्तीतील उणीव नव्हे; तोच त्या अनुभवाचा तंतोतंत आकार आहे. चरित्रातील तपशील आणून ही संदिग्धता फेडणारा श्रोता गीताचे रहस्य उलगडत नाही. तो त्या मुलाला बाजूला सारून, मोठ्या माणसांच्या चर्चेला त्याच्या जागी बसवतो.

आणि ही चर्चा निरुपद्रवी नसते. कवितेतील आई ही शब्दांतून निर्माण झालेली प्रतिमा आहे. कवीची आई ही कधीकाळी जगलेली, स्वतःची सुखदुःखे असलेली स्त्री आहे. प्रतिमेचा अर्थ लावता येतो. जगून गेलेल्या माणसाचा, तेही त्याला उत्तर देण्याची संधी नसताना, असा अर्थ लावला की त्याचे निवाड्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. ती का गेली, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याच्या मनात गेलेली व्यक्ती पाहता पाहता आरोपी होते. गीताने जिच्याविषयी एकही दूषण उच्चारलेले नाही, तिच्यावर गीताचे चाहते गीताच्या प्रेमापोटी दोष ठेवू लागतात. यात श्रोत्याचा हेतू वाईट नसतो. पण हेतू चांगला असल्याने अन्यायाचे स्वरूप बदलत नाही.

५

समीक्षेच्या परंपरेत या पेचावर दोन प्रसिद्ध उपाय सुचवले गेले आहेत. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून अर्थाचे स्थान वाचकाकडे नेले. या दोन्ही भूमिकांनी तिसऱ्या श्रोत्याची मिरास काढून घेतली, हे त्यांचे मोठेच कार्य होय. पण पहिल्या श्रोत्याला त्यांनी जी मोकळीक दिली, विशेषतः बार्थ यांच्या भूमिकेच्या सवंग आवृत्तीने जी दिली, ती निर्धोक आहे काय?

वाचकाचा अर्थ अनिर्बंध झाला की काय होऊ शकते, याचे एक भीषण उदाहरण लोकप्रिय गीतांच्या इतिहासातच आहे. बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ या नावाने ओळखला जाणारा संग्रह १९६८ च्या नोव्हेंबरात आला. कॅलिफोर्नियातील चार्ल्स मॅन्सन याने त्या गीतांत येऊ घातलेल्या वंशयुद्धाचे भाकीत वाचले, असे सरकारपक्षाने पुढे खटल्यात मांडले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अनुयायांनी लॉस एंजेलिसमध्ये दोन रात्रींत सात माणसांची हत्या केली होती. हे उदाहरण विकृतीचे आहे आणि सामान्य चाहत्याला लागू नाही, असे म्हणता येईल. आणि ते खरेही आहे. पण ‘श्रोत्याचा कोणताही अर्थ चुकीचा असूच शकत नाही’ असे मानणाऱ्याला हा अर्थ चुकीचा होता असे म्हणण्याचा आधारच उरत नाही. त्याला फक्त कृत्याचा निषेध करता येईल, वाचनाचा नाही.

संस्कृत काव्यशास्त्राने या संदर्भात अधिक सूक्ष्म विचार केला आहे. रसास्वादाच्या मार्गातील विघ्नांची चर्चा करताना अभिनवगुप्ताने अशा एका विघ्नाचा निर्देश केला आहे, की ज्यात प्रेक्षक समोरचा भाव विशिष्ट देशकालाला बांधून ‘हा माझाच’ किंवा ‘हा अमक्याचाच’ असे ठरवून टाकतो. स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हेही त्याने वेगळे विघ्न मानले. या दृष्टीने पाहिले असता पहिला आणि तिसरा श्रोता हे परस्परविरोधी नसून एकाच विघ्नाच्या दोन बाजू ठरतात. एकाने गीत स्वतःच्या घरी बांधून ठेवले, दुसऱ्याने ते कवीच्या घरी बांधून ठेवले. दोघांनीही ते मोकळे राहू दिले नाही.

तथापि अभिनवगुप्ताचा विचार नाट्याला समोर ठेवून झालेला आहे, आणि भावगीताच्या बाबतीत त्यात थोडी भर घालणे आवश्यक वाटते. नाटकाचा प्रेक्षक रंगमंदिरात येताना आपले घर मागे ठेवून येतो. गाणे मात्र श्रोत्याच्या घरात, त्याच्या कामाच्या मध्येच, त्याच्या रस्त्यावर येऊन त्याला गाठते. येथे स्वतःचे दुःख हे आत शिरण्याचे दार असते. पत्नी गमावलेल्या माणसाला त्या मुखड्यात पत्नी दिसली, तर त्यात दोष नाही. अर्थ त्याला ‘लागला’ आहे, ठेच लागावी तसा. दोष असेल तर तो उंबऱ्यावरच बसून राहण्यात. पुढे ‘आई’ हा शब्द येईल तेव्हा त्याला आत येऊ देणे, आणि आपल्या दुःखाशेजारी एका अनोळखी मुलाच्या दुःखाला जागा करून देणे, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून करता येते. अशी जागा झाली तर पत्नी पुसली जात नाही. उलट आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही, हे त्याला एखाद्या उपदेशाने कळले नसते इतके त्या क्षणी कळते. साधारणीकरण या संज्ञेचा नैतिक आशय हाच म्हणावा लागेल.

६

या अपेक्षेला मराठी समाजात एक जुनी चौकट उपलब्ध आहे. मराठवाड्यातील गावोगावी होणाऱ्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार एक अभंग निरूपणासाठी घेतो आणि त्यातील एकेक चरण उलगडत जातो. त्यासाठी तो इतर संतांची प्रमाणे देतो, दृष्टान्त देतो, आजचे प्रसंग आणतो. अर्थाच्या बाबतीत त्याला मोठेच स्वातंत्र्य असते. पण या स्वातंत्र्याला दोन बंधने असतात. चरण बदलता येत नाही, आणि निरूपण ज्यांच्यासमोर करायचे त्यांतील अनेकांना अभंग तोंडपाठ असतो. अर्थ चारचौघांत लावला जातो, म्हणून तो चारचौघांना पटावा लागतो. निव्वळ खाजगी अर्थ आणि निव्वळ चरित्रातला अर्थ, दोन्ही तेथे टिकत नाहीत.

या परिसरापासून फार दूर नसलेल्या पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. या ग्रंथाच्या पाठात यापुढे कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा इशारा त्या शुद्ध प्रतीच्या शेवटी आहे. हा इशारा देणारे एकनाथ अर्थाच्या बाबतीत कृपण नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्यांचे विवरण केले, आणि विंचवापासून वासुदेवापर्यंतच्या रूपकांची भारुडे रचून श्रोत्याला अर्थ शोधण्याच्या खेळात सामील करून घेतले. त्यांनी नाकारले ते अर्थ लावण्याला नव्हे. आपला अर्थ दुसऱ्याच्या ताटात त्याचाच पदार्थ म्हणून वाढण्याला त्यांनी नकार दिला. अर्थ भरपूर लावावेत, पण ते आपल्या नावावर लावावेत, असा या भूमिकेचा सारांश काढता येईल.

चरित्रनिष्ठ चाहत्याची चूक या कसोटीवर नेमकी दिसते. तो आपण ऐकलेली कहाणी ‘गीताचा खरा अर्थ’ म्हणून वाढतो. ती कहाणी कवितेची ओवी होऊन बसते, आणि पुढच्या श्रोत्याला ताटातील अमृत कोणते आणि करवंटी कोणती हे ओळखता येत नाही. कवीच्या आयुष्याची माहिती असणे यात अनुचित काही नाही. अभ्यासकाला तिचा उपयोग आहे आणि योग्य जागी तिची चर्चाही व्हावी. मात्र ती गीताची किल्ली म्हणून दिली जाऊ नये. किल्ली हाती आली की माणूस दाराकडे पाहायचे सोडतो.

७

उरतो तो प्रश्न पहिल्या श्रोत्याला दुरुस्त करण्याचा. ज्याने एका मुखड्याच्या आधारे आपले वैधव्याचे किंवा विधुरपणाचे दिवस काढले, त्याला ‘हे गाणे तुमच्या दुःखाचे नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? सत्य आणि करुणा यांतील हा संघर्ष वाटतो तितका अटळ नाही. त्याला माहिती सांगून दुरुस्त करण्याची गरज नसते. त्याला सबंध गाणे ऐकवता येते. ‘तुमचा अर्थ चुकला’ असे म्हणण्याऐवजी ‘पुढे आणखी आहे’ असे म्हणणे, हे सत्याला सोडून नाही आणि माणसालाही तोडून नाही. पुढचे कडवे ऐकून त्याने काय करायचे, हे त्याचे आणि गीताचे परस्परांतील काम आहे. मध्यस्थाने तेथे थांबणे उचित होय.

‘हे गाणे माझे आहे’ हे विधान त्यामुळे खोटे ठरत नाही. ते अपुरे ठरते. गाणे त्याचे आहे, जसे ते त्या मुलाचे आहे, आणि ज्या कोणा अनोळखी माणसाने त्याच फाट्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाहनातून तीच ओळ ऐकली असेल, त्याचेही आहे. मालकी नाकारण्याची आवश्यकता नाही. ती वाटून घेण्याची आहे. आणि ज्या ‘ती’च्या जाण्यातून हे सारे निर्माण झाले, तिच्यावर कोणाचीच मालकी नाही, एवढे भान गीतावर प्रेम करणाऱ्याने राखले पाहिजे. तिच्या जाण्याचे कारण गीताने सांगितलेले नाही. श्रोत्यानेही ते न विचारता ऐकावे, यातच त्याच्या रसिकतेची आणि माणुसकीची परीक्षा आहे.